लालबाग ते दादर: फाइव्ह जीची वही

शनिवार, १ ऑक्टोबर २०२२

दिल्लीत प्रगती मैदानावर आज फाइव्ह जीचं उद्घाटन झालं. सुट्टीच होती, सगळं टीव्हीवर पाहिलं. बाबा शेजारी बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्या चाळीत कधी?"

त्याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, मोजून द्यायचं. म्हणून ही वही.

बाबा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते, म्हणजे जमिनीखालच्या तारांचे सांधे जोडणारे. त्यांच्या डायऱ्या अजून पोटमाळ्यावर आहेत. तारीख, कुठलं चेंबर, कितव्या जोडीत बिघाड, किती वाजता लाइन चालू झाली. आणि प्रत्येक नोंदीखाली एकच शेरा: "ग्राहकाशी बोलून खात्री केली." भर पावसात चेंबरमधलं पाणी उपसून, शिशाच्या स्लीव्हवर ब्लो लॅम्प धरून सांधा भरला तरी तो शेरा लिहिल्याशिवाय त्यांचं काम संपायचं नाही. माझी वहीही तशीच असावी असं वाटतं.

ठिकाणं २१ ठरवली. लालबागची चिवडा गल्ली, भारतमाता, गणेश गल्ली, काळाचौकी, अभ्युदयनगर, चिंचपोकळी आणि करी रोड स्टेशनांचे पूल, परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलसमोरचे फुटपाथ, दादर टीटी, फूलबाजार, शिवाजी पार्क, आणखी काही. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजायचं आणि मधला आकडा लिहायचा.

दोन कंपन्यांची सिम घेतली आहेत. वहीत त्यांना सिम १ आणि सिम २ म्हणेन. एका बाईने एका फोनवर घेतलेल्या आकड्यांवरून कुठल्या कंपनीला चांगलं-वाईट म्हणणं बरोबर नाही.

बुधवार, ५ ऑक्टोबर, दसरा

जिओने आजपासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि वाराणसीत निवडक ग्राहकांसाठी चाचणी सुरू केली. मला निमंत्रण नाही. माझ्या फोनच्या खोक्यावर फाइव्ह जी छापलेलं आहे, पण कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट येईपर्यंत त्याचा उपयोग नाही. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाचा फोन मागून सेटिंग तपासली. एकाही फोनवर चालू नाही.

रविवार, ९ ऑक्टोबर

एअरटेलने आठ शहरांची यादी जाहीर केली आहे: दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूरू, हैदराबाद, सिलीगुडी, नागपूर, वाराणसी. भाच्याच्या फोनला अपडेट आलंय. तो फोन आणि भाचा दोघांना घेऊन सकाळी सातला निघाले.

पहिली नऊ ठिकाणं कोरडी. दहावं दादर टीटीचं. तिथे फोनच्या वरच्या कोपऱ्यात 4G ऐवजी काहीतरी वेगळं दिसतंय म्हणून भाचा ओरडला, तेच ते होतं. खाली, म्हणजे डाउनलोडचा वेग, ४६० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट). रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि गेलं. परत अलीकडे आलो, आलं. असं चार वेळा केलं. इतकी पातळ हद्द असेल असं वाटलं नव्हतं.

हिशेबाची एक गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती. ५०० एमबीपीएसच्या वेगाने बारा सेकंद चाचणी चालली तर ६,००० मेगाबिट, म्हणजे ७५० मेगाबाइट जातात. एका ठिकाणी तीन चाचण्या केल्या की दोन जीबीच्या वर गेलं. अकरा वाजता भाच्याचा दिवसाचा डेटा संपला आणि उरलेली ठिकाणं राहिली.

रविवार, १६ ऑक्टोबर

मागच्या रविवारचे सगळे वेग खोडले. चाचणीचं अ‍ॅप दर वेळी जवळचा सर्व्हर आपणच निवडतं, आणि तो बऱ्याचदा त्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो. म्हणजे पाणी किती येतं ते नळाशी न मोजता टाकीशीच मोजल्यासारखं. आता एकच सर्व्हर कायम ठेवला आहे. सोबत ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड अ‍ॅपही चालवते.

जीपीएसनेही घोळ घातला. चिंचपोकळीच्या पुलावरचे दोन बिंदू नकाशावर रुळांच्या मधोमध पडलेत, आणि उंच इमारतींच्या सावलीतले पन्नास-साठ मीटर सरकलेत. यापुढे ठिकाण हाताने लिहायचं: "मारुतीच्या देवळाच्या पायरीवर", "रसवंतीच्या खांबाशी". बाबांच्या डायरीतही पत्ते असेच आहेत, आणि ते आजही सापडतात.

रविवार, ३० ऑक्टोबर

आता ६ ठिकाणी आहे. माझ्या फोनलाही आलं.

दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळी वाट धरली आहे ती इथे नीट लिहून ठेवते, कारण आकडे वाचताना लागेल. जिओचं जाळं स्टँडअलोन, म्हणजे फाइव्ह जीचा गाभाही नवा. एअरटेलचं नॉन-स्टँडअलोन, म्हणजे फोन आधी फोर जीला धरतो आणि त्याच्या आधाराने फाइव्ह जीची भर घेतो. पहिल्यात सगळं नव्याने उभारावं लागतं. दुसऱ्यात आहे त्या फोर जीवर लवकर बसवता येतं आणि जास्त फोन चालतात. नोंदी ठेवणाऱ्याला फरक असा पडतो की स्टँडअलोनमध्ये फोन फाइव्ह जी सेलचा (टॉवरवरच्या एका अँटेनाच्या हद्दीचा) पूर्ण क्रमांक दाखवतो, त्यामुळे कुठल्या गच्चीवरचा टॉवर ते हळूहळू जुळवता येतं. नॉन-स्टँडअलोनमध्ये पूर्ण क्रमांक फोर जीच्या सेलचाच मिळतो. तो २५६ ने भागला की पूर्णांकात टॉवरचा क्रमांक आणि बाकीत त्यावरचा सेल. ही भागाकाराची युक्ती बाबांना फार आवडली. कॅल्क्युलेटर न घेता कागदावर करून देतात.

रविवार, १३ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार.

आमच्या चाळीसमोरच्या रस्त्यावर आता दोन्ही सिमवर फाइव्ह जी आहे. सकाळी गॅलरीत खाली ४८०, वर (अपलोड) ३८. बाबांना म्हटलं, घ्या, आलं चाळीत. ते म्हणाले, "गॅलरीत आलं. खोलीत बघ."

दारात खाली ३५०, वर १७. पलंगाशी २१०, वर ४. मोरीच्या भिंतीशी खाली ६०, वर ०.६. दहा बाय बाराच्या खोलीत दहा पावलांत एवढी घसरण. पोटमाळ्यावर, जिथे भाचा अभ्यासाला बसतो, फोन सरळ फोर जीवर गेला.

मग तळमजल्यावरच्या मसालेवाल्या मावशींकडे गेलो. मावशींचं दुकान म्हणजे पुढची खोली. मागे अंधार, मधे पोती, तराजू, आणि भिंतीला लागून मिरच्यांच्या थप्प्या: बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक आता व्हिडिओ कॉलवर असतं. लग्न होऊन दुबईला, पुण्याला गेलेल्या मुली मिरची बघून घेतात, भाजल्यावर रंग बघतात, मगच कांडपाला जाते. फोनवर फाइव्ह जीच्या तीन रेघा. आमच्यासमोरच कॉल लागला. मावशींना पलीकडची मुलगी स्वच्छ दिसत होती, तिच्या मागचा फ्रिज, फ्रिजवरचे चुंबक, सगळं. मावशी ओंजळभर बेडगी कॅमेऱ्यासमोर धरून हलवत होत्या आणि मुलगी सारखी म्हणत होती, "मावशी, तुम्ही अडकलात. मला नुसता तांबडा डाग दिसतोय."

बाबा म्हणाले, "वन-वे झालंय."

जुन्या लाइनवर असा बिघाड यायचा. एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. तक्रार करणारा म्हणतो फोन चालू आहे, आणि त्याचं म्हणणं खरंही असतं.

मोजलं. खाली ९४, वर ०.३. सिग्नल उणे १०८ डीबीएम, म्हणजे अगदी कमजोर.

कारण उघड आहे, मीच इतके दिवस तिकडे पाहिलं नाही. टॉवरचा अँटेना मोठ्या ताकदीने बोलतो. फोनची ताकद साधारण ०.२ वॅट, घरातल्या लहानशा एलईडी बल्बइतकीही नाही. टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरपर्यंत पोचत नाही. त्यात मुख्य फाइव्ह जी ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. तिथे उतरण (डाउनलोड) आणि चढण (अपलोड) एकाच पट्ट्यात आळीपाळीने चालते आणि वेळेचा बराच मोठा वाटा उतरणीला दिलेला असतो. शिवाय लहरींची लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर, आणि आमच्या चाळीच्या भिंती दीड फुटाच्या. ७०० मेगाहर्ट्झची लहर चाळीस-बेचाळीस सेंटिमीटरची असते, ती भिंतीतून बरीच सुखरूप येते. ऑगस्टमध्ये संपलेल्या लिलावात तो पट्टा फक्त जिओने घेतला. बाकीच्यांना आतल्या खोलीसाठी फोर जीच्या जुन्या पट्ट्यांवर भिस्त ठेवावी लागेल.

सहा आठवडे मी रस्त्यावर उभी राहून उतरणीचा वेग लिहीत होते. मावशींना लागतो तो चढणीचा, आणि तोही पोत्यांच्या मागे. आजपासून दोन बदल. प्रत्येक ठिकाणी "वर" हा रकाना आधी. आणि २१ही ठिकाणी रस्त्यासोबत जवळच्या घरात, दुकानात, जिन्याखालीही मोजायचं. दारं बाबा उघडून देतील. या पट्ट्यात निम्म्या घरांत त्यांनी कधीतरी फोन चालू करून दिलाय.

रविवार, २७ नोव्हेंबर

घरातली फेरी पूर्ण. परळच्या नव्या टॉवरात सव्विसाव्या मजल्यावर बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे गेलो. तिथे सिग्नल झकास आणि वेग रडका. एवढ्या उंचीवर दहा दिशांचे सेल एकदम दिसतात आणि एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. त्यात खिडकीच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा लेप. काच सरकवली की आकडा दुपटीने वाढला. चाळीत भिंत आणि टॉवरात काच. काकांनी चहा पाजला आणि खिडकी तशीच उघडी ठेवली.

मंगळवार, ६ डिसेंबर

रजा घेऊन शिवाजी पार्कला गेले. महापरिनिर्वाण दिन. रात्रीपासून रांग, राज्यभरातून आलेली माणसं, कडेवर लेकरं, हातात पुस्तकांच्या पिशव्या.

पुस्तकांच्या एका स्टॉलशी तासभर थांबले. गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे पाठवायचं, चक्र फिरत राहायचं, आणि दुकानदार दादांच्या फोर जी फोनवर पैसे आले की नाही ते कळायचं नाही. मागे रांग थांबलेली. परभणीहून आलेल्या एका आजोबांकडे परतीच्या गाडीपुरतीच रोकड होती आणि पुस्तक सोडवत नव्हतं. माझ्या फोनवर त्याच जागी फाइव्ह जी होतं, खाली ७०, वर ६. दादांना हॉटस्पॉट दिला. दोन मिनिटांत अडकलेले अकरा व्यवहार एकामागून एक वाजले. आजोबांचा नातू पैसे पाठवून बसला होता, तेही आले. संध्याकाळपर्यंत तिथेच बसले, फोन दोनदा पॉवर बँकेवर लावला.

नोंद: फोर जीचा एक वाहक, म्हणजे लहरींचा एक रस्ता, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, फाइव्ह जीचा इथे १००. गर्दीत हीच रुंदी कामी येते. फाइव्ह जी फोन असलेली माणसं नव्या रस्त्याला लागली तर जुन्या फोनवाल्यांनाही जागा मिळेल. आज तशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

बुधवार, १४ डिसेंबर

आयफोनला अपडेट आलं. ऑफिसात दिवसभर त्याचीच चर्चा.

रविवार, ८ जानेवारी २०२३

१९ ठिकाणी रस्त्यावर, ७ ठिकाणी आत.

काळाचौकीच्या एका सोसायटीने सभेला बोलावलं. गच्चीवर अँटेना बसवू द्यायचा का, हा विषय. भाड्यातून लिफ्टची दुरुस्ती निघेल हे सगळ्यांना पटलेलं, पण वरच्या मजल्यावरच्या एका ताईंना दोन लहान मुलं आहेत आणि त्यांना झोप येत नव्हती. त्यांना कुणी वेड्यात काढू नये एवढं मला मनापासून वाटत होतं. जे ठाऊक आहे तेवढं सांगितलं: भारतातली टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर कुठल्याही टॉवरची माहिती बघता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते. टॉवर लांब असला की फोनच जास्त ताकद लावतो, आणि फोन कानाशी असतो. ताईंनी विचारलं, मोजणी अँटेना बसवल्यावर मागवायची की आधी? फार योग्य प्रश्न. म्हटलं, दोन्ही वेळा, म्हणजे फरक दिसेल. सभेने तसा ठराव लिहिला. छताच्या मजबुतीचा इंजिनिअरचा दाखला आधी हातात घ्या, हेही लिहून घेतलं. इमारत १९७० च्या आसपासची आहे.

रविवार, १९ मार्च २०२३

मिरचीचा हंगाम. लालबागमध्ये शिंकल्याशिवाय शंभर पावलं चालता येत नाही.

एअरटेलनेही आता फाइव्ह जी डेटा अमर्याद केला. चाचण्यांचा खर्च सुटला.

मावशींच्या दुकानात वर ०.९. नोव्हेंबरपेक्षा तिप्पट, पण व्हिडिओ कॉलला स्थिर दीड तरी लागतं. बाबांनी आज स्वतः फोन हातात धरून दुकानभर फिरवला, जुन्या टेस्टरसारखा कानाशी नेता नेता थांबले. पोत्यांच्या थप्पीवर, दारापासून चार फुटांवर, खिडकीच्या गजाशी २.४ मिळालं. तिथे एक खिळा ठोकला, तारेचं कडं अडकवलं, त्यात मावशींचा फोन बसतो. मिरची आता खिडकीच्या उजेडात दाखवतात. रंग बरा दिसतो हा वेगळा फायदा. पण हंगामात वीस पोती आली की खिळ्यापर्यंत हात पोचत नाही, म्हणून वहीत "झालं" लिहिलेलं नाही. "तात्पुरती सोय."

गुरुवार, २१ सप्टेंबर २०२३

गणपतीचा तिसरा दिवस. रात्री साडेनऊ, लालबाग मार्केटपासून चिंचपोकळीपर्यंत मुंगीला वाट नाही.

खाली ११०, सोसण्यासारखं. वर ०.२. प्रत्येक जण हात उंच करून दर्शन घरी पाठवतोय, म्हणजे सगळी गर्दी चढणीवर. तात्पुरते चाकावरचे टॉवर लावले होते, त्यांच्यापासून साठ पावलांच्या आत वर ९. त्याच्या पलीकडे पुन्हा शून्यावर काहीतरी. दोन्ही सिमवर हेच, त्यामुळे कुणा एकाचा दोष नाही. पुढच्या वर्षी मंडळांच्या बैठकीत हे आकडे घेऊन जायचं: हरवलेल्या मुलांच्या केंद्राशी चढण किती मिळते ते आधी बघून तिथे चाकावरचा टॉवर मागता येईल.

शनिवार, ६ जुलै २०२४

या आठवड्यात कंपन्यांचे दर वाढले. अमर्याद फाइव्ह जी आता रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनलाच. मावशी दीड जीबीचा प्लॅन घेतात. त्यांच्या फोनवर फाइव्ह जीचं चिन्ह तसंच आहे, पण डेटा रोजच्या दीड जीबीतूनच कापला जाणार. वहीत नवा रकाना: "कुठल्या प्लॅनवर." हा रकाना पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. जाळं पोचणं आणि परवडणं या दोन नोंदी आहेत, मी पावणेदोन वर्षं एकच धरली.

रविवार, २३ मार्च २०२५

व्हीआयनेही (व्होडाफोन आयडियाने) या महिन्यात मुंबईत फाइव्ह जी सुरू केलं. सिम ३ घेतलं.

रस्त्यावर २१ पैकी २१. आत २१ पैकी १६. उरलेली पाच: करी रोडचं एक तळघर, दोन पोटमाळे, अभ्युदयनगरचा एक जिन्याखालचा शिलाईवाला, आणि परळच्या टॉवरातली काकांची आतली खोली.

आमच्या चौकातल्या खांबावर जानेवारीत एक लहानसा पांढरा डबा बसला, साधारण बुटाच्या खोक्याएवढा. अँटेना दिसतो न दिसतो. बाबांचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. गॅलरीतून बोट दाखवून त्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, खाली जाऊन ये.

मावशींकडे पोती छताला लागलेली, खिळा पोत्यांमागे गडप. मावशी आतल्या कोपऱ्यात, तराजूच्या मागे, फोन डब्याला टेकवून बसल्या होत्या. कॉल चालू होता. भाजलेली बेडगी चिमटीत धरून त्या फोनजवळ नेत होत्या, आणि पलीकडून आवाज आला, "देठं काढलीत ना? ते एक दिसतंय बघा, डावीकडे."

चाचणी केली तर त्यांच्या कॉलच्या वाट्याचं खाल्लं असतं. फोन खिशात ठेवून पायरीवर थांबले. आठ मिनिटं, एकदाही तुटला नाही. वर येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पेन मागितलं आणि आजच्या नोंदीखाली तो शेरा स्वतःच्या अक्षरात लिहिला.